कराडच्या नाक्यावरचं नवं हॉटेल

रविवारची संध्याकाळ, साडेसहाचा सुमार. कराडचा कोल्हापूर नाका ओलांडून मलकापूरच्या अंगाला आलं की महामार्गालगत एक नवी काचेची इमारत दिसते. तिच्यासमोर आज दुचाकी लावायलाही जागा नाही. गळीत हंगाम सुरू आहे. सर्व्हिस रोडवरून उसाने लादलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून सावकाश चालला आहे आणि त्याच्यामागे तुंबलेल्या गाड्यांमधल्या बऱ्याच इकडेच वळतायत. बर्गर विकणाऱ्या एका मोठ्या साखळीची शाखा इथे नुकतीच उघडली आहे. दारावरचा झेंडूचा हार सुकलाय, पण अजून उतरवलेला नाही.

वर पाटी आहे. नाव देवनागरीत, ठळक, रस्त्यापलीकडूनही वाचता येईल असं. राज्याने २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हापासून पाटीवरचं मराठी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान अक्षरांत ठेवता येत नाही. इथे तो नियम नीट पाळलाय. पाटीखाली एक कुटुंब फोटो काढतंय. गांधी टोपीतले आजोबा, नऊवारी नेसलेली आजी, मुलगा, सून आणि नव्या शर्टाची घडीसुद्धा न मोडलेला नातू. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. आज नातवाचा वाढदिवस आहे, हे तो बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय.

"धा पुरी झाली मला," तो मलाही सांगतो.

"वा! मग काय खाणार?"

"बर्गर. आमच्या वर्गातली चार पोरं येऊन गेली. मीच राहिलो होतो."

ढेबेवाडीच्या बाजूने ही मंडळी आली आहेत, भावकीतल्या कुणाची तरी जीप मागून. माझ्याबरोबर माझी भाची आहे. ती विद्यानगरला इंजिनिअरिंग करते आणि ही जागा तिच्या सवयीची झाली आहे. ती दार ढकलून सरळ आत जाते. आजोबा मात्र दाराशी थांबतात, पायताण बाहेर काढायचं का म्हणून खाली बघतात. सून हळूच सांगते, "आत घालूनच जायचं, मामा." मग ते आत येतात.

आत गारवा आहे. तळलेल्या बटाट्याचा आणि भाजलेल्या पावाचा वास दारातच गाठतो. पिवळा उजेड, पुसून लख्ख केलेली फरशी, भिंतीवर भल्यामोठ्या बर्गरची चित्रं. कुठल्या टेबलावर कॉलेजची पोरं, कुठे साखर कारखान्यावरचे वाटावेत असे तीन कर्मचारी, कुठे पेढ्यांचा पुडा शेजारी ठेवून बसलेलं नुकतंच लग्न झालेलं जोडपं. कोपऱ्यात पुण्याहून कोल्हापूरला निघालेलं एक कुटुंब झोपलेल्या बाळाला मांडीवर घेऊन घाईघाईत खातंय. काउंटरसमोर रांग आहे आणि रांगेच्या बाजूला माणसाच्या उंचीचे दोन पडदे उभे आहेत. बोटाने चित्र दाबायचं, पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची.

या रांगेकडे मी बघत राहते. ट्रॅक्टर बाजूला लावून आलेला चालक उभा आहे, पायाला शेताची माती. त्याच्यामागे सोन्याचं कडं घातलेले एक गृहस्थ. त्यांच्यामागे नर्सिंगच्या गणवेशातल्या दोन मुली. कुणी कुणाला पुढे घालत नाही, कुणी कुणाला बाजूला सारत नाही. सगळ्यांच्या हातात तशीच चिठ्ठी, सगळ्यांना एकाच चळतीतला कागदी पेला.

महाराष्ट्रात याची किंमत कमी समजू नये. आपल्याकडे हॉटेलात कुणी कुठे बसायचं आणि कुणाला कुठल्या कपातून चहा द्यायचा, हे जातीवरून ठरत असे. काही गावांत वेगळ्या कपबशा दाराबाहेर ठेवलेल्या असत, ज्याची त्याने विसळून पुन्हा तिथेच ठेवायची. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तो पाण्याच्या हक्कासाठी. पुढे राज्यघटना लिहिताना अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख केला गेला, कारण माणसाला दारातच अडवण्याची सवय तिथेही होती. ज्याच्या हाती पैसे आहेत त्याला इथे कुणी 'कुठले? कुणाचे?' असं विचारत नाही. मोठ्या साखळीने या गावाला दिलेली मोलाची गोष्ट मला हीच वाटते. आत येणारा प्रत्येक जण तिच्या लेखी फक्त गिऱ्हाईक आहे.

पण पडद्यापाशी ही बरोबरी अडखळते.

आजोबांचा मुलगा पडद्यासमोर उभा राहतो. पडदा विचारतो: इंग्रजी की हिंदी? बाहेरच्या पाटीवरची मराठी दारातच संपलेली आहे. तो हिंदी दाबतो. चित्रं सरकतात. जोड खाणं हवं की सुटं? मोठं की मधलं? चीज वाढवायचं? सॉस कुठला? प्रत्येक प्रश्नाला बोट वर जातं आणि हवेत थांबतं. मागे रांग वाढतेय. कुणी काही बोलत नाही, तरी मागच्यांची चुळबूळ त्याला जाणवते. हा माणूस एरवी ट्रॅक्टर चालवत असेल, मोटारीचा पंप दुरुस्त करत असेल, सोसायटीच्या कर्जाचा हिशेब तोंडपाठ ठेवत असेल. इथे त्याच्या कपाळावर घाम येतोय. पडदा बराच वेळ स्पर्श न झाल्यामुळे पुन्हा पहिल्या चित्रावर जातो.

तेवढ्यात काउंटरमागची एक मुलगी फळी उचलून बाहेर येते. एकोणीस-वीस वर्षांची असेल. डोक्यावर साखळीची टोपी, हातावर जाळीदार मेंदी.

"दादा, मी दाबते. तुम्ही फक्त सांगा. किती जण आहात?"

"पाच."

"शाकाहारी?"

तो मागे आईकडे बघतो. माळकरी आईपुढे तो चिकनचं नाव काढत नाही. "समदं शाकाहारीच."

आजी आता पुढे सरकते. तिचा प्रश्न तयार आहे. "पोरी, ह्यात अंडं न्हाय न्हवं? कशात बी?"

"न्हाय आज्जी. ह्यो बघा हिरवा ठिपका. चौकोनात हिरवा गोल आसला की शाकाहारी. तपकिरी त्रिकोण आसला की त्याला हात लावायचा न्हाय." मुलगी एका दमात आपल्या बोलीवर येते. "आन आत सैपाकाची जागा बी येगळी हाय. ती हिरव्या एप्रनवाली हायत न्हवं, ती मांसाहाराला शिवत न्हाईत."

आजी मान उंचावून आत बघते. हिरवा एप्रन घातलेला मुलगा पाव भाजतोय. ती थोडा वेळ त्याच्याकडे नीट पाहते आणि मग म्हणते, "बरं हाय."

या 'बरं हाय'मागे परदेशी साखळ्यांना बरीच मेहनत घ्यावी लागली आहे. १९९६ साली मॅकडोनाल्ड्सने भारतात दुकानं उघडली तेव्हा गोमांस आणि डुकराचं मांस वगळावं लागलं, शाकाहारी स्वयंपाक वेगळा मांडावा लागला, अंड्याशिवायचं मेयोनीज बनवून घ्यावं लागलं. पुढे बटाट्याची टिक्की पावात घातली आणि तीच इथल्या लोकांनी उचलून धरली. त्या सुरुवातीच्या काळात चीज बारामतीच्या डायनामिक्स डेअरीतून जात होतं आणि टिक्क्या तळोज्याच्या कारखान्यातून. म्हणजे जगभर पसरलेल्या साखळीला आपल्याकडे पाय रोवताना आपल्याच भागातलं दूध आणि आपलीच माणसं लागली. आजीसारख्या गिऱ्हाइकाने आधी विचारलं, म्हणून ती साखळी बदलली.

बिल होतं. चार शाकाहारी बर्गर, वाढदिवसाच्या मुलाचं जोड खाणं, मोठे फ्राइज, दोन आईस्क्रीमचे कोन. सातशे रुपये आणि पाच टक्के जीएसटीचे पस्तीस. आजोबा सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढतात. मुलगा म्हणतो, "आबा, मी देतो." आजोबा ऐकत नाहीत. नोटा एकेक करून मोजतात आणि मुलीच्या हातात ठेवतात.

माझी भाची शेजारच्या पडद्यावर आमची ऑर्डर देते. तिच्या फोनमध्ये साखळीचं ॲप आहे, त्यात कूपन आहे. तेच बर्गर, त्याच आगीवरचे, तिला साठ रुपयांनी स्वस्त पडतात. आजोबांचा फोन बटणांचा आहे. त्यांना पूर्ण भाव.

चिठ्ठीवरचा आकडा वरच्या फळ्यावर लागेपर्यंत मी स्वयंपाकाकडे बघत उभी आहे. सगळा व्यवहार उघड्यावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. गोठवलेल्या फ्राइजची पिशवी फाडून एक मुलगा जाळीदार टोपली भरतो आणि तेलात सोडतो. तेल पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. फ्राइज कारखान्यात एकदा अर्धवट तळूनच गोठवलेले असतात, त्यामुळे इथे तीनेक मिनिटांत काम होतं. घड्याळ चिवचिवतं. तो टोपली उचलतो, दोनदा झटकतो, ताटलीत ओततो, वरून मीठ फिरवतो. सगळे फ्राइज लांब, सगळे एका रंगाचे. आपल्या भाजीच्या बटाट्याला हे जमत नाही. त्यात साखरेचा अंश जास्त असला की तळताना काप काळपट पडतो. म्हणून फ्राइजसाठी लांबट, कमी साखरेचे, कमी पाण्याचे वाण वेगळे लावतात. गुजरातमध्ये मेहसाण्याकडे असे बटाटे पिकतात आणि तिथेच त्यांचे फ्राइज करणारा मॅकेन कंपनीचा मोठा कारखाना आहे. कराडमध्ये खाल्लेला आणि ठाण्यात खाल्लेला फ्राय सारखाच लागतो, त्याचं कारण असं बियाण्यापासून सुरू होतं.

मधेच दुसरं घड्याळ वाजतं. आतली मुलं हातातलं काम उरकून आळीपाळीने बेसिनपाशी जातात आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतात. हे मला फार आवडतं. गिऱ्हाईक बघतंय की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही, घड्याळ वाजलं की धुवायचे.

टेबलावर आता ट्रे आले आहेत. आजोबांच्या कुटुंबाचं टेबल आमच्या शेजारीच आहे. नातू बर्गरच्या आधी ट्रेवरचा कागद वाचतोय, मग वर लावलेला फळा. मोठ्याने वाचायची त्याला सवय असावी.

"आज्जी, तुझ्या बर्गरला तीनशे चाळीस. फ्राइजला चारशे तीस."

"रुपये?"

"न्हाय गं, कॅलरी. ताकद. बाई सांगत्यात शाळेत. मोठ्या माणसाला दिवसाला दोन हजार लागत्यात, असं तिथं खाली लिवलंय."

हा आकडा फळ्यावर असतो तो नियमामुळे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल आणि प्रदर्शनाच्या नियमांनुसार दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात आणि सरासरी माणसाची दिवसाची गरजही. आजवर मी हा आकडा इतक्या मन लावून कुणी वाचलेला पाहिला नव्हता. आई त्याच्याकडे कौतुकाने बघते. मग तो हिशेब घालतो: आपल्या ताटातलं सगळं मिळून किती, भाकरी किती असेल, दूध किती. भाकरीचा आकडा फळ्यावर नसल्यामुळे हिशेब तिथेच अडतो.

आजी बर्गर एकदम तोंडाला लावत नाही. आधी वरचा पाव उचलून बाजूला ठेवते. टिक्की, कांदा, टोमॅटो, पांढरा सॉस सगळं उघडून बघते. टिक्कीचा कोपरा मोडून चाखते. "बटाट्याचाच हाय की. वड्यापरीस चपटा." मग पावाचा तुकडा, टिक्कीचा तुकडा असं करत आपल्या पद्धतीने, सावकाश, सगळं संपवते. नातवाला तिखट लागतं म्हणून आपला कोन त्याच्या हातात देते. तिला मिरची कमी वाटते. आजोबा मात्र अजून खायला लागलेले नाहीत. हात मांडीवर ठेवून बसलेत, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.

"मामा, खावा की," सून म्हणते.

"पानी येऊ दे."

आपल्याकडे हॉटेलात बसलं की आधी पाणी येतं. पोऱ्या स्टीलचे ग्लास टेबलावर ठेवतो आणि मग विचारतो काय आणू. उडप्याकडे, खानावळीत, मिसळीच्या दुकानात, ढाब्यावर, सगळीकडे हाच रिवाज. पैशाचा व्यवहार त्यानंतर सुरू होतो. बसलेल्या माणसाला पाणी दिलं म्हणजे त्याला आपलं मानलं. या साखळीच्या कामाच्या पद्धतीत पाणी आणून द्यायची पायरीच नाही. पाण्याची बाटली फळ्यावर आहे, तिला किंमत आहे. फुकट पिण्याचं पाणी कोपऱ्यातल्या नळाला आहे, पण तो नळ मागच्या खांबाआड आहे आणि त्याच्यावर इंग्रजी अक्षरं आहेत.

सून उठायला लागते. तोवर ती मघाचीच मुलगी पलीकडचं टेबल पुसता पुसता ऐकते. कापड खांद्यावर टाकते, खांबाआड जाते आणि पाच कागदी पेले ट्रेमध्ये ठेवून घेऊन येते. काठोकाठ भरलेले, एकही थेंब न सांडता. पहिला पेला आजोबांसमोर.

"घ्या आबा."

आजोबा पेला उचलतात, वरूनच पाणी पितात, दुसरा पेलाही घेतात. "कुठली गं तू?"

"मसूरची."

"मसूरची व्हय! आमची थोरली लेक दिलीया मसूरला."

आणि मग पाव्हणेपण निघतं. कुठल्या आळीतली, कुणाच्या घराजवळ, आडनाव काय, शेत कुठल्या अंगाला. मुलगी उभ्या उभ्या सगळी उत्तरं देते, एक डोळा काउंटरकडे ठेवून. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर इथे. पुण्यातल्या शाखेत शिकून आली. फी स्वतः भरते. "घरी मागायला लागत न्हाय आता," ती म्हणते, आणि हे सांगताना तिची मान ताठ आहे. आजी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते. नातवाच्या आधी आज या पोरीची दृष्ट निघते.

मग काउंटरमागची मुलं टाळ्या वाजवत येतात, नातवाच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट ठेवतात. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही टाळ्या वाजवतात. ट्रॅक्टरवाला जाता जाता त्याला आपल्या पुड्यातले चार फ्राइज देतो. सून स्वच्छतागृहातून परत येते आणि सासूला सांगते, "जावा तुमी बी. पानी हाय, कडी लागतिया, लखलखीत हाय." महामार्गावरून लांबचा प्रवास करणाऱ्या बाईला विचारा, या तीन गोष्टी एकत्र मिळणं किती दुर्मीळ असतं. आम्ही बसलोय तोवर दोन बायका फक्त त्यासाठीच आत येऊन गेल्या. कुणी त्यांना हटकलं नाही.

निघताना आजोबा रिकामा ट्रे हातात घेऊन उभे राहतात. इथे उष्टं उचलायला कुणी येत नाही, ज्याचं त्याने टाकायचं, हे त्यांनी शेजारच्या टेबलावर बघून ठेवलंय. पण डब्याला दोन तोंडं आहेत आणि दोन्हींवर इंग्रजी. ते तिसऱ्यांदा त्याच मुलीकडे बघतात. ती लांबूनच हाताने दाखवते: कागद इकडे, उष्टं तिकडे.

मी त्या मुलीचं काम मोजते आहे. पडद्यावर ऑर्डर तिने दिली, शाकाहाराची खूण तिने समजावली, पाणी तिने आणलं, डबा तिने दाखवला. यातलं एकही काम तिच्या कामाच्या यादीत नसावं. साखळीने जिथे जिथे गावाची भाषा आणि गावाची रीत सोडून दिली, तिथे तिथे ही पोर उभी राहिली, आणि तेही आपलं नेमलेलं काम सांभाळून. संध्याकाळपासून ती एकदाही बसलेली नाही. काउंटरमागे बसायला काही नाहीच. रात्री उशिरा सुटल्यावर ती मसूरला कशी जाते, असं मी विचारते तेव्हा कळतं की भाऊ न्यायला येतो. ज्यांना न्यायला कुणी नाही अशा मुलींना ही पाळी घेताच येत नाही.

माझं मत विचाराल तर हे हॉटेल कराडला हवं होतं. दारात भेदभाव नाही, भाव सगळ्यांना दिसेल असा लिहिलेला, हात धुतलेले, शाकाहारी माणसाला भरवसा, बायकांना कडी लागणारं स्वच्छतागृह, आणि गावोगावच्या मुलामुलींना कॉलेज सांभाळून मिळणारं काम. चवीचं म्हणाल तर बर्गर ठीक आहे, फ्राइज चांगले आहेत. प्रीतिसंगमाच्या घाटावरच्या भेळेला त्यांच्यापासून काही धोका नाही.

पण आजीने अंड्याचं विचारलं तसं आता आपण बाकीचंही विचारायला हवं. जी साखळी इथल्या गिऱ्हाइकासाठी सगळा स्वयंपाक दोन भागांत मांडू शकते, तिला पडद्यावर तिसरी भाषा घालणं अवघड नाही. कायद्याने पाटी मराठीत आली. मेनू, नळावरची सूचना आणि डब्यावरची अक्षरं मराठीत यायला कायद्याची वाट कशाला बघायची? टेबलावर पाण्याचा जग ठेवायला किती खर्च येतो? काउंटरमागे दोन स्टुलं ठेवली तर काम थांबत नाही. आणि ॲपवर जो भाव, तोच रोख पैसे मोजून देणाऱ्या आजोबांनाही मिळावा.

तुमच्या गावातही असं एखादं हॉटेल उघडलं असेल किंवा लवकरच उघडेल. जरूर जा, घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा. काउंटरवरच्या मुलामुलींशी मराठीत बोला. आणि बिलाबरोबर अभिप्राय मागतात, तो देताना चवीबद्दल एक ओळ लिहा आणि खाली दुसरी: मेनू मराठीत हवा, बसल्यावर पाणी हवं.